उभ्या मोटारीतील वीज

२० मे २०२० रोजी दुपारनंतर अम्फान हे चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळले आणि संध्याकाळी त्याने कोलकाता शहराला गाठले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला होता. दक्षिण कोलकात्यातील बालीगंज हा रुंद रस्त्यांचा आणि जुन्या वृक्षांचा भाग. परंतु एरवी सावली देणारे वृक्षच अशा रात्री विजेच्या तारांचे शत्रू ठरतात. शहरभर हजारो झाडे उन्मळून पडली. रस्ते मोकळे करण्यासाठी सैन्याच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या, आणि दक्षिणेकडील अनेक वस्त्यांमध्ये वीज परत येण्यास कित्येक दिवस लागले. ज्या शहरात १८९९ सालापासून सार्वजनिक वीजपुरवठा आहे, तेथील रहिवाशांना मोबाइल फोनमधील उरलीसुरली वीज जपून वापरण्याची पाळी आली.

अशा वेळी दाराशी किंवा इमारतीच्या तळमजल्यावर उभी असलेली मोटार हे एक लहानसे वीजघरच आहे असे वाटू लागते. मोटारीत बॅटरी असते, खिशात फोन असतो, आणि दोहोंना जोडणारी तारही हाताशी असते. मग अडचण कोणती? अडचण अशी की, मोटारीची बॅटरी ज्या कामासाठी घडवलेली असते ते काम अगदी निराळे आहे. ते समजून न घेता तिच्यातून वीज काढत राहिले, तर फोन चालू होतो; परंतु मध्यरात्री एखाद्या आजारी माणसाला रुग्णालयात नेण्याची वेळ आली असता मोटार जागची हलत नाही.

बॅटरीचे खरे काम

मोटारीत सामान्यतः शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी बॅटरी असते. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली या प्रकारचा विद्युतघट प्रथम तयार केला. पुन्हा पुन्हा विद्युतभारित करता येणारा तो पहिला घट होय. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्टची बॅटरी तयार होते. व्यवहारात तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतात. लहान मोटारीतील बॅटरीची क्षमता बहुधा ३५ ते ४५ अँपिअर-तास एवढी असते. याचा स्थूल अर्थ असा की, ३५ अँपिअर-तासांची नवी व पूर्ण भरलेली बॅटरी पावणेदोन अँपिअरचा प्रवाह सुमारे वीस तास देऊ शकेल.

परंतु या बॅटरीकडून अशा संथ आणि दीर्घ कामाची अपेक्षा नसते. इंजिन सुरू करताना स्टार्टरला क्षणभर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह एकदम देता यावा म्हणून तिच्यातील शिशाच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने पुष्कळ ठेवलेल्या असतात. दीडशे अँपिअरचा प्रवाह तीन सेकंद दिला, तरी साठ्यातून खर्च होते ती वीज अवघी अष्टमांश अँपिअर-तास. म्हणजे स्टार्टरला वीज थोडी लागते, पण जोर मोठा लागतो. आणि अर्धी रिकामी बॅटरी नेमका तो जोरच गमावून बसते. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर तिची झीज भरून काढतो. पातळ पट्ट्यांची बॅटरी वारंवार खोलवर रिकामी केली आणि तशीच पडू दिली, तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

छप्पन्न दिवसांचा हिशेब

मोटार उभी असताना तिच्यातील वीज जशीच्या तशी राहते, हा समजही बरोबर नाही. घड्याळ, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा, दाराच्या कुलुपाचा संदेश ऐकण्यासाठी जागे असणारे यंत्र, इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची स्मृती, ही सारी थोडी थोडी वीज घेतच असतात. हा प्रवाह साधारणपणे वीस ते पन्नास मिलिअँपिअर इतका असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु तो रात्रंदिवस चालू असतो.

अम्फानच्या वेळची परिस्थिती या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी होती आणि बहुसंख्य खाजगी मोटारी जागीच उभ्या होत्या. त्या दिवसापासून वादळाच्या दिवसापर्यंत छप्पन्न दिवस होतात. एखाद्या मोटारीची स्थिर गळती २५ मिलिअँपिअर धरली, तर दररोज ०.६ अँपिअर-तास आणि छप्पन्न दिवसांत ३३.६ अँपिअर-तास वीज खर्च होते. लहान मोटारीच्या बॅटरीची जवळजवळ सारी क्षमता एवढीच असते! मधल्या काळात जी मोटार एकदाही चालवली गेली नसेल, तिच्याकडे संकटाच्या रात्री साठा म्हणून पाहण्यात अर्थ नव्हता. कोणी फोन जोडण्यापूर्वीच तो आटून गेलेला होता. म्हणून मोटारीतून वीज घेण्याचा पहिला नियम वादळाच्या आधीचा आहे. मोटार दर आठवड्याला अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन फिरवून ते काम होत नाही.

काय जोडावे आणि किती वेळ

पाच हजार मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल फोन पूर्ण भरण्यास, मार्गातील घट धरून, सुमारे २४ वॅट-तास वीज लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून याचा अर्थ दोन अँपिअर-तास. पन्नास वॅट-तासांचा लॅपटॉप इन्व्हर्टरमार्फत भरला, तर सुमारे सहा अँपिअर-तास खर्च होतात. उलट, मोटारीचे पुढचे दोन जुन्या धर्तीचे दिवे, प्रत्येकी ५५ वॅटचे, एक तास चालू राहिले तर नऊ अँपिअर-तास संपतात. फोनपेक्षा विसरलेला दिवा किती महाग पडतो हे यावरून ध्यानात येईल.

बॅटरी सुस्थितीत असेल, तर तिच्या एकतृतीयांशाहून अधिक वीज काढू नये असा संकेत पाळणे हिताचे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून याप्रमाणे दहा-बारा अँपिअर-तास, म्हणजे पाच फोन, मिळतात. बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी असेल, तर हा हिशेब निम्म्यावर आणावा. बॅटरी काही काळ स्वस्थ राहिल्यानंतर दाब १२.६ व्होल्ट असेल तर ती पूर्ण भरलेली, सुमारे १२.२ असेल तर अर्धी, आणि १२ च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामी समजावी. हा दाब दाखवणारे, मोटारीच्या खोबणीत बसणारे छोटे मापक बाजारात मिळते. उपकरण जोडलेले असताना आकडा थोडा खाली दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

किल्ली फिरवतानाही विवेक हवा. ज्या मोटारीत खोबणीला वीज देण्यापुरती किल्लीची वेगळी पायरी असते, तेथे तीच वापरावी. पूर्ण पुढची पायरी वापरल्यास अन्य यंत्रणाही निष्कारण जाग्या होतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी फोन व लॅपटॉप काढून घ्यावेत, कारण स्टार्टर फिरताना आणि थांबताना दाबात चढउतार होतात.

खोबणी, फ्यूज आणि इन्व्हर्टर

मोटारीतील खोबणी मुळात सिगारेट पेटवण्याच्या तापलेल्या कांडीसाठी होती. तिच्या मागे बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. म्हणजे १२० ते १८० वॅट ही तिची मर्यादा. दीडशे वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालवला, तर त्याची स्वतःची घट धरून चौदा-पंधरा अँपिअरचा प्रवाह लागतो आणि ही मर्यादा गाठली जाते. पंखा, इस्त्री, पाणी तापवण्याची कांडी अशी साधने येथे जोडू नयेत. फ्यूज वितळला तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घालावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला असता फ्यूजऐवजी तारच तापते, आणि ती तार डॅशबोर्डच्या मागे, डोळ्यांआड, जळू लागते.

बारा व्होल्टच्या तारेला हात लागल्याने सहसा धक्का बसत नाही. पण इन्व्हर्टरच्या दुसऱ्या टोकाला घरातल्याइतकाच, २३० व्होल्टचा दाब असतो आणि तो तितकाच प्राणघातक असतो. ओल्या हातांनी त्याला स्पर्श करू नये, आणि त्याची तार घरातील खोबणीत उलटी घालून घर उजळण्याचा प्रयत्न तर कदापि करू नये. त्यामुळे खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

उष्णतेचा धोका

फोन, लॅपटॉप व पॉवर बँक यांतील घट लिथियम-आयन प्रकारचे असतात. हे घट १९९१ साली बाजारात आले आणि त्यांच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असे घट ४५ अंश सेल्सिअसच्या वर विद्युतभारित करणे सामान्यतः अयोग्य मानले जाते. आता बंद मोटारीचा विचार करावा. काचेतून ऊन आत येते, आतील आसने व पट्ट्या तापतात, आणि ती उष्णता सहज बाहेर जात नाही. बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या मोटारीच्या आतील हवा तासाभरात ५० अंशांच्या वर जाऊ शकते. काचेखालचा डॅशबोर्ड त्याहूनही अधिक तापतो. त्यातच विद्युतभारण चालू असेल तर घट स्वतःची उष्णता तीत मिळवतो.

चांगले फोन अशा वेळी आपणहून भारण थांबवतात. हलक्या प्रतीच्या पॉवर बँकांचा भरवसा धरता येत नाही. घटातील आवरण फाटले तर तापमान अनावर वाढते, ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि आग लागते. म्हणून उन्हातील मोटारीत उपकरण चालू ठेवून निघून जाऊ नये. भारण सावलीत, काचा उघड्या ठेवून आणि माणूस जवळ असताना करावे. फुगलेले उपकरण वापरातून बाद करावे. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे.

न दिसणारा वायू

बॅटरी रिकामी होऊ नये म्हणून इंजिन चालू ठेवावे, हा विचार सर्वांत सहज सुचतो आणि सर्वांत घातक ठरू शकतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढ जखडला जातो. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे ही लक्षणे माणसाला सावध करण्याऐवजी स्वस्थ झोपवतात. बालीगंजमध्ये जुने बंगले पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर किंवा तळघरात मोटारी उभ्या असतात. अशा कोंडलेल्या जागेत इंजिन चालू ठेवून आत बसणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणेच होय, आणि वरच्या मजल्यावरील रहिवाशांनाही त्याचा अपाय होऊ शकतो. इंजिन चालवायचेच असेल, तर मोटार उघड्यावर आणावी, किंवा त्याहून बरे म्हणजे एक फेरी मारावी. फोनही भरतो आणि बॅटरीही.

पावसाळ्यात याच धोक्याला दुसरे रूप येते. २०२५ साली २२ सप्टेंबरच्या रात्री आणि २३ च्या पहाटे कोलकात्यावर अतिवृष्टी झाली. महापालिकेच्या नोंदीप्रमाणे एकट्या बालीगंजमध्ये काही तासांत २६४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते जलमय झाले आणि साचलेल्या पाण्यात विजेचा धक्का लागून शहरात अनेकांचे प्राण गेले. धुराड्याच्या तोंडाशी पाणी आले असता धूर परतून आत येऊ शकतो, आणि हवेच्या मार्गाने इंजिनात पाणी शिरले तर ते फुटते. म्हणून पाण्यात उभी असलेली मोटार सुरू करू नये, तिच्यातून वीज घेऊ नये, आणि ती वीज घेण्यासाठी पाण्यातून चालत जाऊ तर नयेच.

मोटारीतील वीज संकटात खरोखर उपयोगी पडते. मात्र तिचा उपयोग आणीबाणीच्या पैशाप्रमाणे करावा लागतो. तो आधी साठवावा, मोजून खर्च करावा, आणि शेवटचे नाणे कधीही खर्चू नये. घरात पाच फोन असतील तर एकच भरावा आणि बाकीचे बंद ठेवावेत. संदेश पोहोचवण्यास एक फोन पुरतो. आजारी माणसाला पोहोचवण्यास मात्र सुरू होणारी मोटारच लागते.