नदीकाठच्या जमिनीला 'रायपेरियन' का म्हणतात?

पाणीवाटपाच्या कायद्यात 'रायपेरियन' हा इंग्रजी शब्द हमखास येतो. अर्थ सोपा आहे: नदीकाठचा. काठची जमीन, तिथली झाडंझुडपं आणि काठावरच्या लोकांचे पाण्यावरचे हक्क, या सगळ्यांना हेच विशेषण लागतं.

लॅटिन भाषेत 'रीपा' म्हणजे काठ. त्यावरून 'रायपेरियन' तयार झाला. गंमत म्हणजे नदीसाठीचा 'रिव्हर' हा शब्दही याच 'रीपा'वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'अराइव्ह' म्हणजे पोहोचणं. त्याचा मूळ अर्थ काठाला लागणं!

'रायव्हल', म्हणजे प्रतिस्पर्धी, हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला. लॅटिन 'रीव्हस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते 'रायव्हल'. भांडण त्यांच्यातच होणार!

ते आजही होतं. छत्रपती संभाजीनगर शहर खाम नदीच्या काठी वसलं, पण पाणी पितं गोदावरीचं. ते येतं सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणच्या जायकवाडी धरणातून. पाऊस कमी झाला की वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून वाद पेटतो.

हक्क फक्त काठावरच्यांचा मानला, तर गोदावरीवर या शहराचा दावाच उरत नाही. महाराष्ट्राचा २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा मात्र काठ नव्हे, अख्खं खोरं पाहतो: टंचाईच्या वर्षी तूट खोऱ्यातल्या सर्वांनी समन्यायानं वाटून घ्यायची.

म्हणजे शब्द काठाचा असला, तरी पाणी खोऱ्याचं आहे.