नाणे गिळले की सेल?

मूल रांगायला लागले की हाताला लागेल ते तोंडात घालते. सहा महिने ते पाच वर्षे हा काळ पालकांनी डोळ्यांत तेल घालून राहण्याचा. तरीही एखाद्या दिवशी आई धापा टाकत दवाखान्यात येते. "डॉक्टरसाहेब, याने नाणे गिळले!" आणि तोवर शेजारणीच्या सल्ल्याने बाळाला दोन केळी चारून झालेली असतात.

केळ्याने नाणे घसरून जाते, ही समजूत आपल्या मुर्री-गोंदिया भागात पक्की आहे. वस्तुस्थिती अशी की नाणे एकदा जठरात उतरले तर ते बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे पडते. केळे न खाताही पडते. अन्ननलिकेत अडकलेले नाणे मात्र केळ्याने उतरत नाही. उलट पोट भरलेले असले तर भूल देऊन दुर्बिणीने ते काढण्यात अडचण येते. म्हणून खाणेपिणे थांबवावे आणि एक्स-रे काढून घ्यावा. लाळ गळत असेल, घास उतरत नसेल तर क्षणभरही थांबू नये. मूल हसतखेळत असले तरी एक्स-रे टाळू नये, कारण गिळलेले ते नाणेच होते, हे कोणी पाहिलेले असते?

खरा घोटाळा येथेच आहे. २०१९ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे २० मिलिमीटर रुंद आहे. वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, काही रिमोटमध्ये बसणारा सीआर २०३२ हा चपटा सेलही बरोबर २० मिलिमीटरचाच. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईत मिळणाऱ्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांतही असे चपटे सेल असतात, बहुधा थोडे लहान.

हा सेल अन्ननलिकेत अडकला की तेथील ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली पदार्थ तयार होतो. सेल फुटावा लागत नाही. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. पुढे श्वासनलिकेत किंवा मोठ्या रक्तवाहिनीत छिद्र पडू शकते, कधीकधी सेल काढल्यानंतरही काही दिवसांनी. एक्स-रेमध्ये नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची दुहेरी. सेल गिळल्याची शंका असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. दुर्बिणीची सोय गोंदियात होईल की नागपूर गाठावे लागेल, हे तेथील डॉक्टर ठरवतील. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. घरी दवडलेला अर्धा तास पुढे फार महाग पडतो.

काही न खाऊ घालण्याच्या नियमाला येथे एकच अपवाद आहे. मूल वर्षाच्या वरचे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गेल्याला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. त्याने भाजण्याचा वेग मंदावतो. पण मध शोधायला बाजारात जाऊ नये, आणि वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये. दोन किंवा अधिक चुंबके गिळली असतील तरी तीच घाई करावी. ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधला भाग चिमटून भोक पाडतात.

दुसरी वाईट सवय उलटी करवण्याची. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे, दोन्ही बंद करा. रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. संडास साफ करण्याचे ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळते. आपला जिल्हा धानाचा. साठवलेल्या धान्यात ठेवायची सल्फासची गोळी ओलावा लागताच विषारी वायू सोडते आणि तिच्यावर खात्रीचा उतारा नाही. मूल राहते त्या घरात ती आणूच नये. गिळल्याची नुसती शंका आली तरी पाणीही न पाजता १०८ ला फोन करावा आणि डबा सोबत न्यावा.

बाटल्यांची गफलत मोठ्यांकडूनही होते. यवतमाळ जिल्ह्यात कापसी-कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात दाखल झाली आणि सुदैवाने बरी झाली. सॅनिटायझरमधील अल्कोहोलने लहान मुलाची रक्तातील साखर एकदम उतरू शकते. मूल पेंगते आहे म्हणून निजवू नये.

वस्तू श्वासनलिकेत गेली तर प्रकार वेगळा. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले, तर वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. मोठ्या मुलाला मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत व वर दाबावे. दिसत नसलेली वस्तू बोटाने काढायला जाऊ नये; ती आणखी खोल जाते.

आणि जुना सेल निकामी समजून पोराच्या हाती देऊ नका. खेळणे चालेनासे झाले तरी त्यात अन्ननलिका भाजण्याइतकी वीज शिल्लक असते. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावर ठेवावा.