पॉली उम्रीगर : मद्रासची रात्र आणि नंतरची वर्षे

पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६चा. काही नोंदींत जन्मगाव मुंबई सापडते, बहुतेकांत सोलापूर; बालपण मात्र सोलापूरचेच. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. पॉली शाळेत असताना कुटुंब मुंबईला गेले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात बी.एस्सी. करणारा हा पारशी तरुण मुंबई विद्यापीठाचा कर्णधार झाला. ऑक्टोबर १९४८मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११५ धावा केल्या आणि डिसेंबरात मुंबईलाच कसोटी पदार्पण केले.

पुढचे आकडे सर्वपरिचित आहेत : ५९ कसोट्या, ३,६३१ धावा, १२ शतके, आणि भारतीयाचे पहिले कसोटी द्विशतक (२२३, हैदराबाद, १९५५). १९५२च्या इंग्लंड दौऱ्यात सात कसोटी डावांत फक्त ४३ धावा झाल्या. इंग्लंडचे वेगवान गोलंदाज ट्रूमन यांच्यापुढे ते कचरले, हा शिक्का तेव्हाचा. पण १९५९मध्ये मँचेस्टरला शतक आणि १९६२मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला ५६, नाबाद १७२ व पाच बळी, एवढे पाहिल्यावर तो शिक्का अन्यायाचा ठरतो.

त्यांची खरी ओळख जानेवारी १९५९च्या मद्रास कसोटीआधी पटते. वेस्ट इंडिजविरुद्धच्या त्या मालिकेत भारताने पाच कसोट्यांत चार कर्णधार वापरले. कर्णधार गुलाम अहमद निवृत्त झाल्याने धुरा उम्रीगरांकडे आली. विजय मांजरेकर जखमी झाले. त्यांच्या जागी उम्रीगरांना फलंदाज मनोहर हर्डीकर हवे होते. भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी अडून बसले. बरीच खडाजंगी झाली. उम्रीगरांनी आधी मान तुकवली, पण सामन्याच्या आदल्या रात्री कर्णधारपद सोडले. नाणेफेकीला विनू मांकड गेले. मैदानावर निर्णयाची जबाबदारी ज्याची, त्याला अकरा जण निवडू न देणे ही मंडळाची चूकच होती. उम्रीगर पुन्हा कसोटी कर्णधार झाले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी क्रिकेट प्रशिक्षणावर पुस्तक लिहिले, संघांचे व्यवस्थापकपद सांभाळले. वेस्ट इंडिजविरुद्धच्या १९७६च्या किंग्स्टन कसोटीत आखूड टप्प्याच्या माऱ्याने विश्वनाथ, अंशुमान गायकवाड, ब्रिजेश पटेल जायबंदी झाले; कर्णधार बेदींनी ६ बाद ३०६वर डाव घोषित केला, तर दुसरा डाव पाच गडी बाद झाल्यावर ९७वरच संपला, कारण उरलेले पाचही जखमी होते. व्यवस्थापक उम्रीगरांनी या गोलंदाजीचा उघड निषेध केला. १९७८ ते १९८२ ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे मद्रासला नाकारलेला अधिकार वीस वर्षांनी त्यांच्याच हाती आला. मंडळाचे कार्यकारी सचिवपद सांभाळले आणि काही काळ वानखेडेच्या खेळपट्टीची देखभालही त्यांनी केली.

७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मंडळ वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला त्यांच्या नावाचा पुरस्कार देते. २००६-०७चा पहिला पुरस्कार सचिन तेंडुलकर यांना मिळाला.