पाठ केलेले शब्द जातात कुठे?

२० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी पेढी नदीच्या ज्या पुलाजवळ देह ठेवला, तो पूल अमरावतीजवळच्या वलगावचा. अशा गावातून मराठी माध्यमाने दहावी झालेला मुलगा शहरात अकरावी विज्ञानाला जातो आणि पहिल्याच आठवड्यात त्याची गाडी अडते. वेग, त्वरण, घर्षण हे सारे त्याला समजलेले असते. पण फळ्यावर तेच व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, फ्रिक्शन होऊन उभे राहते. अडतो तो शब्दाशी, आणि समजतो मात्र असे, की आपल्याला विषयच येत नाही! मग एका रात्रीत शंभर शब्द पाठ. चार दिवसांनी त्यांतले किती उरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

हे विसरणे मोजून पाहिले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने. प्रयोगासाठी माणूस कोण? तो स्वतःच! त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या ओळी तो पाठ करी आणि काही काळाने तीच ओळ पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, ते पाही. १८८५ साली त्याने आकडे प्रसिद्ध केले. एका तासानंतर ही बचत ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ आणि महिन्यानंतर २१ टक्के होती. म्हणजे विसरण्याची सारी घाई पहिल्या दिवशीच असते. पुढे ती मंदावते. आणखी एक गंमत पाहा. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. जवळजवळ निम्मे श्रम वाचले की नाही?

अर्थात त्याचे अक्षरगट निरर्थक होते. शब्दाला अर्थ असतो, गोत असते. म्हणून तो अधिक टिकतो. वऱ्हाडातल्या मुलांना जिनिंग कोणी शिकवावे लागत नाही. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे 'जिन' हे नाव मुळात 'एंजिन'चे लघुरूप आहे. लॅटिनमध्ये 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्यावरून इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल हे सारे भाऊबंद एकदमच हाती लागतात. एअरपोर्टमधला पोर्ट मात्र बंदराचा. तिथे फसू नका! देवाणघेवाण उलटीही झाली आहे. इंग्रजांचा 'मंगूज' हा आपल्या मुंगसावरूनच गेला. अमरावतीच्या कापसाला तर परदेशच्या बाजारात 'ऊमरा' म्हणत.

१९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने विभागून पाठ करण्याची एक सोपी युक्ती सांगितली. चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी शब्द आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द व त्याचे एक छोटे वाक्य लिहा. मराठी बाजू पाहून इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणा आणि मगच चिठ्ठी उलटा. बरोबर आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाईल, चुकला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी. नुसते वाचत बसण्यापेक्षा आठवण्याची ही धडपडच अधिक कामाची असते.

पटत नसेल तर प्रयोग करून पाहा. सारख्या अवघडपणाचे वीस शब्द निवडा. दहा शब्द एकाच रात्री अर्धा तास पाठ करा. उरलेले दहा तीन दिवस, रोज दहा मिनिटे. प्रत्येक यादीचे पाठांतर संपल्यापासून बरोबर आठ दिवसांनी, वही न उघडता, दोन्ही याद्यांतले किती शब्द आठवतात ते लिहून काढा. वर्गातल्या दहा-बारा जणांनी हे केले, तर गुरुजींना फळ्यावर आलेखही काढता येईल.