लेकरांना जगाची पुस्तके वाचू द्या

धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच. 'बालबोध मेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. घरदार सोडून ते सिलोनला गेले, पाली शिकले, भिक्खू झाले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' ग्रंथावर त्यांनी काम केले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' उभा केला. जून १९४७ मध्ये आपल्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, त्यांचे निधन झाले.

विशेष हे की 'बालबोध मेवा' हे ख्रिस्ती मिशनचे मासिक होते. ख्रिस्ती लोकांच्या मासिकाने एका ब्राह्मण तरुणाला बुद्धाची वाट दाखविली!

आपल्याकडे काही पालक म्हणतात, "आमच्या पोरांनी आधी बाबासाहेब वाचावे, जगाचे मग पाहू." बाबासाहेब आधी वाचावेत, हे शंभर टक्के खरे. पण बाबासाहेब स्वतः काय वाचत होते? १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रोंचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची कागदपत्रे मागविली. त्याही आधी, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. दूरच्या माणसाचे दुःख वाचले म्हणून आपल्या दुःखाचे कारण अधिक स्पष्ट दिसले, हाच आपल्या चळवळीचा इतिहास आहे.

दुसरी भीती अशी की परक्या धर्माचे वाचून पोर बिघडेल. वाचणे म्हणजे पाळणे नव्हे. शेजारचा मुसलमान मित्र रोजा का ठेवतो, हे कळल्याने बावीस प्रतिज्ञा मोडत नाहीत. केवळ ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पारखायला आधी समोर काही असावे लागते. पोराने प्रश्न विचारला तर डाफरू नका. उत्तर येत नसेल तर "चल, शोधू" म्हणा.

मग सुरुवात कुठून करावी? वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आपली मुले पाहतात. जपानच्या फुजी गुरुजींच्या प्रेरणेने तो झाला, हे सांगा आणि त्या जपानमधील 'तोत्तोचान' हातात द्या. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि एका खोडकर मुलीला समजून घेणारे मुख्याध्यापक त्यात भेटतात. ती शाळा महायुद्धात बॉम्बने जळाली, हे वाचून युद्ध म्हणजे काय ते मुलांना कळते. कापूस पिकविणाऱ्या घरात वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' असावेच. गुलामीत जन्मलेल्या या काळ्या शास्त्रज्ञाने कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शेतकऱ्यांना शिकविले. दोन्ही पुस्तके मराठीत आहेत.

रोजमजुरीच्या घरात पुस्तक विकत घेणे सोपे नाही, हे खरे. पण विहार आपले आहे. वंदनेनंतर आठवडाभर कुलूप लावण्यापेक्षा तिथे एक कपाट ठेवावे. वाढदिवसाला, पुण्यानुमोदनाला प्रत्येक घराने एक पुस्तक दान द्यावे. देवघेवीची वही नववी-दहावीतल्या मुलीकडे सोपवावी. रविवारी अर्धा तास एका मुलाने मोठ्याने वाचावे. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिनेही बसून ऐकावे. लेकरू वाचते आहे आणि माय ऐकते आहे, एवढे झाले तरी त्या घरात पुस्तकाचा मान वाढेल.

येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात हा विषय जरूर मांडा. जय भीम!