जकातीतला विसरलेला हक्कदार

रमजानचा दुसरा अशरा, म्हणजे मधले दहा दिवस सुरू झाले की मुस्लिम घरांत हिशेबाच्या वह्या बाहेर निघतात. दागिने किती, बँकेत किती, दुकानातला माल किती, देणे किती याची बेरीज-वजाबाकी होते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने अडीच टक्के जकात काढायची असते. जकात वर्षभरात केव्हाही देता येते. पण या महिन्यात सत्कर्माचे पुण्य अनेक पटींनी मिळते, अशी श्रद्धा असल्याने बहुतेक जण ती रमजानमध्येच देतात.

ही रक्कम कोणाला द्यायची, हे मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. कुरआनच्या सूरह तौबामधील साठाव्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत. निर्धन, गरजू, जकात गोळा करणारे सेवक, ज्यांची मने जोडून घ्यायची ते, गुलामीत अडकलेले, कर्जाखाली दबलेले, अल्लाहच्या मार्गात झटणारे आणि वाटेत अडकलेला प्रवासी. यातल्या पाचव्या हक्कदारासाठी ‘रिकाब’ हा शब्द येतो. अरबीत ‘रकबा’ म्हणजे मान, ‘रिकाब’ हे तिचे अनेकवचन. दुसऱ्याच्या मुठीत सापडलेली मान मोकळी करणे, असा त्याचा अर्थ.

इस्लामच्या आरंभकाळात या कामाला मोठे मोल होते. हजरत अबू बकर (रजि.) यांनी छळ सोसणाऱ्या हजरत बिलाल (रजि.) यांना विकत घेऊन मुक्त केले. हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या मालकाने तीनशे खजुरांची रोपे आणि सोने अशी किंमत मागितली, तेव्हा साथीदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे रोपे गोळा केली आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी ती स्वतःच्या हातांनी लावली. जाणूनबुजून मोडलेल्या रोजाच्या प्रायश्चित्तातही पहिला मार्ग गुलाम मुक्त करण्याचाच सांगितला आहे.

आज जकातीच्या याद्यांमध्ये हा पाचवा हक्कदार सहसा दिसत नाही. गुलामगिरी संपली, तेव्हा ते कलमही संपले, असे आपण धरून चालतो.

चाँदरातीच्या बांगड्या

ईदच्या आदल्या रात्री, म्हणजे चाँदरातीला, बांगड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. लाखेच्या, खड्यांच्या, चमकीच्या बांगड्यांचे डबे उघडले जातात. हिंदू-मुस्लिम सगळ्याच घरांतल्या मुली तिथे असतात. त्या बांगड्या कुठून येतात, हे कोणी विचारत नाही.

जयपूर आणि हैदराबाद ही लाखेच्या बांगड्यांची मोठी केंद्रे. दोन्ही शहरांतल्या बंद खोल्यांमधून गेल्या काही वर्षांत बिहारची मुले पुन्हा पुन्हा सोडवली गेली आहेत. तापलेल्या लाखेवर बारीक खडे बसवायला लहान बोटे उपयोगी पडतात आणि लहान मूल मजुरी मागत नाही, हे त्यामागचे गणित आहे. मुंबईत जरीकामाच्या गाळ्यांचीही तीच कहाणी. कारचोबच्या चौकटीभोवती मांडी घालून सकाळपासून रात्रीपर्यंत टाके घालणारी उत्तर बिहारमधली मुले तिथेही सापडली आहेत. ईदच्या शेरवानीवर आणि लग्नाच्या शालूवर त्यांचे टाके असू शकतात. यात मालकही आपले, कारागीर मुलेही अनेकदा आपली आणि गिऱ्हाईकही आपणच, हे मुस्लिम समाजाने स्वतःशी मान्य करायला हवे.

हे घडते कसे? गावात ओळखीचा माणूस येतो. कधी तो नात्यातलाच असतो. घरात आजारपण किंवा लग्नाचे कर्ज असते. तो दोन-चार हजार रुपये आगाऊ देतो, मुलाला काम शिकवतो, जेवूखाऊ घालतो असे सांगतो. ऊसतोड कामगारांमुळे आपल्याकडे या आगाऊ रकमेला ‘उचल’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. उचल घेणारा बाप घरी राहतो आणि फेडणारा मुलगा हजार-दीड हजार किलोमीटर दूर जातो. तिथे दार बाहेरून बंद असते.

२०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातली सुमारे १ कोटी मुले काम करताना नोंदली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात अजून १३ कोटी ८० लाख मुले बालमजुरीत आहेत. ही सगळीच मुले विकलेली नाहीत. पण ज्यांच्या मानेवर उचलीचा हात आहे, त्यांना ‘रिकाब’खेरीज दुसरा कोणता शब्द लावणार?

विदिशाचा शिक्षक

या मुलांच्या सुटकेचे काम करणारी देशातली एक जुनी संस्था म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेली ‘बचपन बचाओ आंदोलन’. तिचे संस्थापक कैलाश सत्यार्थी मूळचे मध्य प्रदेशातल्या विदिशाचे. शिक्षणाने विद्युत अभियंता, पेशाने तेव्हा शिक्षक. नोकरी सोडून त्यांनी ‘संघर्ष जारी रहेगा’ नावाचे मासिक काढले होते. १९८१ मध्ये वीटभट्टीवर वर्षानुवर्षे वेठीला धरलेला एक बाप तिथून निसटून त्यांच्याकडे आला. त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीला कुंटणखान्यात विकण्याचा सौदा चालला होता. आपली हकीकत छापा, एवढेच त्याचे मागणे होते.

सत्यार्थींना वाटले, ही बातमी छापून काय होणार? मुलगी त्याआधीच विकली जाईल. काही साथीदारांना घेऊन ते पंजाबातल्या सरहिंदजवळच्या त्या भट्टीवर गेले. पहिल्या वेळी मार खाऊन परतावे लागले. मग दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश मिळवला आणि त्या मुलीसह ३६ जण सुटले. तो बाप मुसलमान होता आणि त्याचे ऐकून घेणारा हिंदू. त्या घडीला दोघांपैकी कोणालाही हे महत्त्वाचे वाटले नसावे.

१९९८ मध्ये या संस्थेच्या पुढाकाराने निघालेली बालमजुरीविरोधी जागतिक यात्रा १०३ देशांतून फिरून जिनिव्हाला पोहोचली. पुढच्याच वर्षी बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८२ मंजूर झाला. २०१४ चे शांततेचे नोबेल सत्यार्थी आणि पाकिस्तानच्या मलाला युसुफझाई यांना विभागून मिळाले, तोपर्यंत संस्थेने सोडवलेल्या मुलांची संख्या ८० हजारांच्या पुढे गेली होती. याच संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि मुलाचे अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे धरूनच तपास सुरू करायचा. त्याआधी ‘मूल येईल परत’ असे सांगून आईबापाला ठाण्यातून परत पाठवणे सोपे होते.

सुटका हा अर्धाच रस्ता

सत्यार्थी एक प्रसंग नेहमी सांगतात. दगडखाणीतून सोडवलेली एक लहान मुलगी गाडीत बसली होती. खायला केळी दिली. तिने केळे कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे ते कसे खायचे तेही ठाऊक नव्हते. नंतर तिने विचारले की तुम्ही आधी का आला नाहीत? इफ्तारच्या ताटात खजुरीशेजारी केळ्याचे काप रोज असतात. ते उचलताना या मुलीचा प्रश्न आठवायला हरकत नाही.

पण सोडवणाऱ्यांना त्याहून अवघड प्रश्न पुढे भेटतो. छापा पडतो, पोलीस, कामगार खाते आणि संस्थेचे कार्यकर्ते मुलांना बाहेर काढतात, बालकल्याण समितीपुढे उभे करतात, वैद्यकीय तपासणी होते, घरचा पत्ता शोधला जातो. मग मूल गावी जाते. गावात कर्ज तेच, भूक तीच आणि उचल देणारा माणूसही तोच असतो. शाळेत जावे, तर बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते. सहा वर्षांच्या मुलांमध्ये बसायची लाज वाटते. काही महिन्यांत ते पुन्हा गाडीत बसण्याचा धोका असतो.

म्हणून या संस्थेने दिल्लीत मुक्ती आश्रम उभारला, जिथे नुकतीच सुटलेली मुले काही काळ राहतात आणि सावरतात. ज्यांना घर नाही किंवा घरी सुरक्षित नाही, अशा मुलांसाठी १९९८ मध्ये राजस्थानातल्या विराटनगर इथे बाल आश्रम सुरू केला. तिथे अक्षरओळखीपासून सुरुवात होते, मग नेहमीची शाळा, मोठ्या मुलांना हातचे काम. आजोबांच्या कर्जापोटी शेतात राबणारा एक मुलगा इथे शिकला. गावोगावच्या मुलांना जन्मदाखले मिळावेत म्हणून त्याने मोहीम चालवली आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बाल शांतता पुरस्कार मिळाला. आणखी एक मुलगा वकील झाला.

कायदाही बराच पुढे आला आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, अपवाद फक्त शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात मदत करण्याचा आणि बालकलाकारांचा. शिक्षण हक्क कायदा सांगतो की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्या, मागे राहिलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. वेठबिगार मुलाच्या पुनर्वसनासाठी केंद्राची दोन लाखांची, तर तस्करीसारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाखांची योजना आहे. मात्र तातडीची मदत ३० हजारांपर्यंतच मिळते. उरलेली रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असते. खटले वर्षानुवर्षे चालतात आणि तोवर मुलाचे शाळेचे वय निघून जाते.

मनमाडचा धडा

या विषयावर बोलताना आपल्या राज्यातली एक घटना टाळता येत नाही. ३० मे २०२३ रोजी बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीतून भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर ५९ मुलांना उतरवले गेले. त्यांच्यासोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे दाखल झाले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. मुले सांगली भागात मदरशात शिकायला निघाली होती, असे घरचे सांगत होते. पुढे तपासात तस्करी आढळली नाही आणि २०२४ मध्ये प्रकरण बंद झाले. दरम्यान मुलांना बालगृहात राहावे लागले आणि पालकांना जिवाला घोर लागला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. डोक्यावरची टोपी पाहून संशय घेणे ही चौकशी नव्हे, हे तपास यंत्रणांनी लक्षात घ्यावे. आणि लहान मुलांना परराज्यात नेणाऱ्यांनी पालकांचे संमतीपत्र, मुलांचे ओळखपत्र, संस्थेचे पत्र जवळ ठेवायलाच हवे. कारण त्याच गाडीत दलालही असतो आणि ‘पढने जा रहे हैं’ हे उत्तर तोही मुलांकडून घोकून घेतो. कागद नीट असतील तर प्रामाणिक माणूस वाचतो आणि दलाल सापडतो.

आठपैकी चार

‘रिकाब’चा हिस्सा आजच्या वेठबिगारांवर खर्च करावा का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. जुन्या अर्थी गुलामापुरताच तो मर्यादित आहे, असे काही जण मानतात. पण त्या मुलाकडे नीट पाहिले तर आठपैकी आणखी तीन खणांत ते बसते. त्याचे घर निर्धन आहे. बाप कर्जाखाली आहे. आणि ते स्वतः घरापासून तुटलेला प्रवासी आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारून जकात द्यावी. सोडवलेल्या मुलांत हिंदू असतात, आदिवासी असतात, मुसलमान असतात. सदक्याला आणि ‘लिल्लाह’ दानाला धर्माची अट नाही.

पूर्वी मान मोकळी करायला मालकाला किंमत मोजावी लागे. आज कायद्याने ती किंमत शून्य केली आहे. दलालाला एक पैसाही द्यायचा नाही, त्याला पोलिसांच्या हवाली करायचे. मग पैसा लागतो कशाला? तर सुटल्यानंतरच्या चार-पाच वर्षांसाठी. वह्या, बसभाडे, शिकवणी, आईचे औषधपाणी, घरात दाणे, म्हणजे मुलाची मजुरी घराला लागू नये. एका मशिदीच्या जकात समितीने अशा एका मुलाची दहावीपर्यंतची जबाबदारी घेतली, तरी मोठे काम होईल. गणेश मंडळांनी, पतसंस्थांनी, शिक्षकांच्या संघटनांनी दुसरे मूल घ्यावे. आणि हॉटेलात, गॅरेजमध्ये, एखाद्या बंद गाळ्यात कामाला जुंपलेले मूल दिसले, तर १०९८ हा क्रमांक फिरवायला जकात लागत नाही.

रमजानच्या सतराव्या तारखेला बद्रच्या लढाईची आठवण काढली जाते. त्या लढाईतले जे कैदी खंडणी देऊ शकत नव्हते पण लिहू-वाचू शकत होते, त्यांना प्रेषितांनी (स.) वेगळी अट घातली, असे चरित्रकार सांगतात. मदिनेच्या दहा मुलांना अक्षरे शिकवा आणि मोकळे व्हा. शत्रूच्या सुटकेची किंमतसुद्धा तिथे मुलांच्या पाटीवर वसूल झाली. यंदाच्या वहीत जकातीची बेरीज करताना त्या पाटीसाठी एक ओळ मोकळी ठेवावी.