समजून घ्या : कासवाच्या पाठीवरचा टॅग नेमकं काय सांगतो? जाळ्यात असं कासव आलं तर काय कराल?

गुहागरच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२५ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा टॅग होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालू शकते, याचा हा पुरावा ठरला. मधलं अंतर अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर!

मग सॅटेलाइट टॅग कशाला?

धातूचा टॅग प्रवासाची फक्त दोन टोकं सांगतो. मधला मार्ग कळण्यासाठी सॅटेलाइट टॅग लागतो. राज्याचा कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्थेने २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथे पाच माद्यांना असे टॅग लावले. पहिलीचं नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा यांना टॅग लावले. त्यातली बागेश्री दक्षिणेला जात श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

टॅग काम कसा करतो?

टॅग कवचावर इपॉक्सीने चिकटवतात. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, त्यामुळे पाण्याखाली तो गप्प असतो. कासव श्वासासाठी वर आलं की सेन्सरला ते कळतं आणि सिग्नल सुटतो. बोईसर स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा जवळ येताना वेगळा आणि लांब जाताना वेगळा ऐकू येतो. उपग्रहालाही सिग्नलची वारंवारता अशीच बदललेली मिळते. त्यावरून कासवाची जागा काढली जाते.

माद्यांनाच टॅग का?

अंडी घालायला फक्त माद्याच किनाऱ्यावर येतात. नर समुद्रातच राहतात.

सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलं?

तसं नाही. बॅटरी संपते, टॅग गळून पडतो. कासव जाळ्यात अडकून मेलं तरी नकाशावरचा ठिपका तसाच थांबतो. नेमकं काय झालं हे पडद्यावरून कळत नाही. ते समुद्रात असलेला माणूसच सांगू शकतो.

पालघरच्या मच्छीमारांचा संबंध काय?

कासव अभयारण्याची हद्द पाळत नाही. त्याची वाट पाम, मुरबे, सातपाटीच्या बोटी जिथे जाळी टाकतात त्याच समुद्रातून जाते. म्हणून हे लक्षात ठेवा :

- कासव अडकलं तर जाळं कापून सोडा. फोटो, व्हिडिओ काढून ठेवा. संरक्षित प्राण्यासाठी जाळं कापल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची राज्याची योजना २०१८ पासून आहे.
- टॅग काढू नका. क्रमांकाचा फोटो, जागा आणि तारीख वनविभागाला कळवा. हेल्पलाइन १९२६.
- जखमी कासव पुन्हा पाण्यात ढकलू नका. डहाणूला पारनाका इथे उपचार केंद्र आहे.

०३२३३ हा आकडा चार वर्षं मुका होता. गुहागरला कुणीतरी तो वाचला, म्हणून बोलला.